घुगऱ्यांचा डबा

चंद्राबाईच्या मांडणीवर बिननावाचं एकही भांडं नव्हतं. पातेली, परात, डबे, वाट्या, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा टिंबाटिंबांची अक्षरं कोरलेली. कोळवणच्या खोऱ्यात लग्न निघालं की सगळ्या आळीची भांडी मांडवात जातात, आणि नाव नसलेलं भांडं एकदा मांडवात गेलं की ते शेजारणीच्या मांडणीवरच म्हातारं होतं. म्हणून नवीन भांडं घरात आलं की त्यात पहिलं पाणी ओतायच्या आधी चंद्राबाई ते पौडच्या बाजारात नेऊन त्यावर नाव घालून आणायची. पैसे तिच्या दुधाचे, नाव नवऱ्याचं. ‘कुशाबा बाळा, मु. पो. कोळवण, ता. मुळशी.’ चाळीस वर्षांच्या संसारात जे नाव तिनं लग्नातल्या उखाण्याखेरीज तोंडानं घेतलं नाही, ते रोज तीन वेळा राखेनं घासून लख्ख केलं.

कुशाबा माणूस वाईट नव्हता, असं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! चंद्राबाईचं डावं मनगट वाकडं होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ‘बांधावरून पाय घसरला’ असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं होतं. सासूनं हळद लावली, जावेनं फडकं बांधलं, पण बांध कुठला, असं कुणी विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी कुशाबा गेला तेव्हा ती रीतसर रडली. रडू खरं होतं. मनगटही खरं होतं.

तर अशी ही चंद्राबाई एका परदेशी फंडाच्या कामात कशी आली? तिच्या मुलानं, साहिलनं, खालची खाचरं एका पुणेकराला विकली आणि त्यातून डोंगराच्या पायथ्याला पाच खोल्यांचं घर बांधलं. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतील, भाडं देतील, असा त्याचा बेत होता. पण घर चंद्राबाईच्या नावावर होतं. साहिल कंपनीत, राहायला हिंजवडीला. एक दिवस आशालताताई नावाच्या बाई आल्या. त्यांची एक संस्था होती. मारहाणीतून, वेठबिगारीतून, नको त्या धंद्यातून सोडवून आणलेल्या बायकांना काही महिने लपून राहायला घर हवं होतं. बाहेरच्या देशातला एक फंड तीन वर्षं अनुदान देणार होता. बाई सगळं नीट, न लपवता बोलल्या. चंद्राबाईनं ऐकून घेतलं, स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, “घ्या. पन सैपाक मीच करनार.”

साहिल चिडला. “आई, उगाच लफडी कशाला घरात घेतेस?” ती म्हणाली, “लफडी न्हाईत, बायका हायेत.” तेवढ्यावर विषय संपला.

मग फंडाची माणसं घर बघायला आली. यादीच घेऊन आली होती, चांगली चाळीस कलमांची. कुंपण किती फूट, फाटकाला कुलूप कुठलं, दारावर कॅमेरा, खिडक्यांना जाळी. घराला पाटी नको. गॅसचं पुस्तक संस्थेच्या नावानं नको. बायकांकडे फोन नको, फोटो तर नकोच नको. गावात सांगायचं, नर्सिंगच्या पोरींचं वसतिगृह आहे. आणि शेवटचं कलम आशालताताईंनी चंद्राबाईला दोनदा वाचून दाखवलं : या घराचा पत्ता बाहेर गेला, तर या घराचं अनुदान त्या दिवसापासून बंद. चंद्राबाईनं मान डोलावली. भांडी मात्र अनुदानात बसत नव्हती, म्हणून तिनं आपली मांडणीच्या मांडणी उचलून तिथं नेली. चाळीस कलमं तपासणाऱ्या त्या शहाण्या माणसांनी तिच्याच परातीतली भाकरी खाल्ली, तिच्याच तांब्यानं पाणी प्यायलं. भांडं उलटं करून कुणी बघितलं नाही.

दोन वर्षं घर चाललं. बायका यायच्या, राहायच्या, सावरायच्या, जायच्या. एक तर सीमेपलीकडून पळून आलेली होती. कुठल्या देशाची तेही चंद्राबाईला उच्चारता येत नव्हतं. तिची भाषा कुणाला कळायची नाही, पण ती तांदूळ निवडायला बसली की खडा काही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. एकूण नऊ जणी होत्या त्या पावसाळ्यात, आणि नववी होती सायली.

सायली ताम्हिणी घाट उतरून गेल्यावर माणगावच्या अलीकडे एक गाव आहे, तिथली. वय बावीस. नवरा मनीष महाळुंग्याला नव्या इमारतींच्या कामावर मजूर पुरवायचा. लग्न करून त्यानं तिला तिथल्या पत्र्याच्या वस्तीत आणलं आणि चाळीस माणसांच्या स्वयंपाकाला जुंपलं. पुढं पुढं स्वयंपाकावरही भागलं नाही. ते ती एकदाच बोलली, भिंतीकडे तोंड करून, आणि चंद्राबाईनं पुन्हा विचारलं नाही. पोटात पाच महिन्यांचं मूल घेऊन ती तिथून निघाली तेव्हा मनीष म्हणाला होता, “सापडलीस तर दोघांना एकाच खड्ड्यात घालीन.” हे वाक्य आशालताताईंच्या कागदावर होतं, कोर्टातल्या अर्जात होतं, आणि सायलीच्या झोपेतही होतं. तिला कुणी शोधू नये, एवढी एकच गोष्ट त्या घरानं सांभाळायची होती.

दिवाळीच्या आधी सायलीला मुलगी झाली. संस्थेनं दवाखान्याचं सगळं केलं, तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. आणि मग गाडं अडलं. सायलीला दूध येईना. ती खाईना. लेकरू वरच्या दुधावर कसंबसं तगत होतं, रडून रडून निळं पडायचं आणि ही छताकडे बघत पडून राहायची. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, गोळ्या देऊन गेल्या. चंद्राबाईनं शतावरी दिली, खारीक-खोबरं दिलं, रागावून पाहिलं, हाता-पाया पडून पाहिलं. शेवटी दहाव्या दिवशी सायली म्हणाली, “मावशी, माझ्या आईला माहीतसुद्धा नाही हो. तिला वाटत असेल मी मेले.”

“ताई कळवतील की गं. निकाल लागला की.”

“कधी?”

कोर्टाचं कधी, हे चंद्राबाईला कुठून माहीत असणार? ती उठून चुलीपाशी गेली. बाळंतिणीच्या आईला नातवंडाचा पत्ता नाही, हे तिच्या जिवाला लागलं. वैऱ्याच्याही घरात असं होत नाही, असं ती स्वतःशी पुटपुटली.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा नव्हता, म्हणून साडीची झोळी बांधली. आत्या कुठली आणायची? चंद्राबाईनंच बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं : सुनीती. सायलीच्या शाळेतल्या बाईंचं नाव होतं ते. तिला कधीही न मारलेलं एवढं एकच मोठं माणूस. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. सगळ्याजणींना मूठमूठ वाटल्या. पातेल्यात उरलेल्या घुगऱ्यांकडे बघताना चंद्राबाईच्या डोक्यात ते आलं.

चिठ्ठी नको. फोन नको. निरोपही नको. नुसत्या घुगऱ्या पाठवायच्या. ज्या बाईची लेक पोटुशी असताना नाहीशी झाली, तिच्या दारात कोणी घुगऱ्या आणून ठेवल्या तर तिला सांगावं लागतं का काही? लेक जिवंत आहे, मोकळी झाली, लेकराचं नाव ठेवलं. एवढं सगळं एका मुठीत आहे. आशालताताईंना विचारावं, असं तिच्या मनात आलंही. पण ताई ‘नाही’ म्हणाल्या असत्या, हेही तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. ही तिची चूक. पुढची चूक मात्र तिला चूक म्हणून दिसलीच नाही.

मांडणीवरचा घट्ट झाकणाचा, बिनगळीचा स्टीलचा डबा तिनं काढला. धुतला, पुसला, भरला. वरून साखरेची पुडी ठेवली. सायलीकडून आईचं नाव आणि वाडी पक्की विचारून घेतली. सायली उठून बसली होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिनं विचारलं, “मावशी, भात आहे का थोडा?”

भैरू कोळवण-पौड जीप चालवायचा. चंद्राबाईनं त्याला फाट्यावर गाठलं. “ह्यो डबा पौडला माणगावच्या येष्टीत दे. डायवरला सांग, वाडीच्या फाट्यावर चहावाल्याकडं ठिवायचा. आन कुनाचा, कुटनं आला, कुनी इचारलं तर?”

“मला म्हाईत न्हाई,” भैरू म्हणाला.

“आईची आन?”

“आईची आन, काकू. एवडं काय त्यात, सोनं हाय का?”

भैरूनं शब्द पाळला. ड्रायव्हरनं तर काही विचारलंच नाही. डबा दुपारी घाट उतरला आणि संध्याकाळी वाडीत पोचला. त्या रात्री सायलीला दूध आलं. चंद्राबाईला वाटलं, आपण जग जिंकलं.

आता पलीकडं काय झालं ते नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. सायलीच्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं. घुगऱ्या मात्र तिनं बरोबर वाचल्या. ती उंबऱ्यात बसून रडली, हसली, देवापुढे साखर ठेवली. मग तिनं डबा घासला. आणि आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे तिलाही तिच्या आईनंच शिकवलेलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिनं नारळ फोडला आणि अळीवाचे लाडू केले. लाडू तर झाले, पण पाठवायचे कुठं? डबा उलटा केला तर खाली अक्षरं. ती शेजारच्या घरी गेली आणि म्हणाली, जरा वाचून दाखवा हो, कुणाचं नाव आहे. शेजाऱ्यानं वाचून दाखवलं. आणि मग त्यानं आणखीही एका माणसाला फोनवर तेच वाचून दाखवलं, कारण तो माणूस चार महिने जावई म्हणून येऊन येऊन त्याला सांगून गेला होता, की काही कळलं तर आधी मला.

भाताची कापणी ऐन भरात आली होती. बारशाला अकरा दिवस झाले होते. सकाळी फाटकाची कडी वाजली. चंद्राबाई ओल्या हातानं गेली. बाहेर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण माणूस उभा होता. तोंडात साखर असल्यासारखा हसत होता. चंद्राबाईनं त्याचं तोंड नंतर बघितलं. आधी तिला दिसला त्याच्या हातातला डबा.

“नमस्कार मावशी. कुशाबांचं घर हेच ना? गावात विचारलं तर म्हणाले, मावशी वरच्या घरी असतात. आमच्या सासूबाईंनी डबा पाठवलाय तुमचा.” त्यानं डबा गजांतून पुढं केला. “रिकामा कसा परत करायचा, म्हणून भरून दिलाय. म्हटलं, मीच पोचवतो.”

तिनं कधी, कसं, काय, याचा विचार केला नाही. सगळं एका क्षणात कळलं. उलटा धरलेला डबा आणि त्यावरची ती टिंबं तिला दिसली. कोंबडं झाकून ठेवलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं टोपली उचलली होती.

“हितं कोन न्हाई,” ती म्हणाली. “पोरी हायेत नर्सिंगच्या. डबा हरवला व्हता माजा.”

“असेल, असेल,” तो म्हणाला. आणि नेमकी तेव्हाच आत सुनीती रडली.

तो ऐकत राहिला, मान थोडी कलती करून. मग म्हणाला, “बसतो मी समोर. घाई नाही.” आणि रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली मोटरसायकल लावून खरंच बसला.

चंद्राबाईनं डबा घरात आणला. झाकण उघडलं तर लाडू. आठ मोठे, वेलदोड्याच्या वासाचे, एकसारखे वळलेले. सायलीला दाखवायचे की नाही? त्या माणसाच्या हातून आलेत, त्यात त्यानं काय घातलं असेल कोण जाणे. तिनं आगापिछा बघितला नाही. मागच्या दारी चूल पेटलेली होती, तिच्यात सगळे लाडू घातले आणि राख होईपर्यंत उभी राहिली. मग आशालताताईंना फोन लावला. “ताई, लगोलग या,” ती म्हणाली.

ताई तासाभरात आल्या. रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, डबा हातात घेतला, उलटा केला, वाचला, आणि डबा हळूच ओट्यावर ठेवला. ते न रागावणंच चंद्राबाईला सोसवेना. “मारा मला,” ती म्हणाली. “ताई, पायातलं काढून मारा.” ताई म्हणाल्या, “चंद्राबाई, आधी तिला बाहेर काढायचंय. रडायचं नंतर.”

पोलीस आले. मनीषनं कागद दाखवले : लग्नाचा दाखला, फोटो. बायको-मुलीला न्यायला आलोय म्हणाला, अगदी हात जोडून. फाटकापासून दूर हो, असं त्याला सांगितलं गेलं. तो वीस पावलं दूर झाला. रस्त्यावर बसायला कायदा आड येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी दोघे आले. घराच्या एकाच फाटकावर सहा डोळे. आत नऊ बायका, आणि प्रत्येकीला वाटायचं, हा आपल्यासाठीच आलाय. सीमेपलीकडची ती बाई चटई गुंडाळून काखेत धरूनच बसली होती, दिवसभर, जशी काही गाडी सुटायची आहे. सायली तर बोलेचना. लेकराला छातीशी धरून न्हाणीघरात बसली, कारण न्हाणीघराला खिडकी नव्हती.

वाट सापडली ती चंद्राबाईलाच. घराच्या मागं कुंपणाला लागून शेजारची खाचरं होती आणि तिथं कापणी चालली होती. बायका डोक्यावर भारे घेऊन बांधाबांधानं ओढ्यापर्यंत जात होत्या, पलीकडं खळं होतं. ओढ्याच्या पलीकडून दुसरा रस्ता जातो. कुंपणाची तार तिनं स्वतः पक्कडीनं तोडली; तीच तार, जिची उंची फंडानं फुटपट्टीनं मोजली होती. सगळ्याजणींना तिनं कासोटे घालायला लावले, डोक्याला फडकी बांधली, प्रत्येकीच्या डोक्यावर भाताचा भारा दिला. सायलीचं तोंड भाऱ्याच्या ओंब्यांत झाकून टाकलं. सुनीतीला दूध पाजून गाढ झोपवलं, पाटीत गोधडीचा खळगा केला, तिला त्यात ठेवलं, वर मोकळ्या पेंढ्या ठेवल्या. ती पाटी चंद्राबाईनं स्वतःच्या डोक्यावर घेतली.

भर दुपारी दोन वाजता त्या निघाल्या. आंब्याखालून तो बांध दिसतो. मनीष उभा राहिला. त्यानं बघितलं. कापणीवाल्या बायका एकामागून एक चालल्या आहेत, अंगावर भुसा, पायाला चिखल. आयुष्यभर ज्यानं बायकांकडं नुसतं ओझं वाहणारी म्हणून बघितलं, त्याला ओझ्याखालची बाई ओळखू येणार कशी? तो परत खाली बसला. चंद्राबाईनं वाकड्या मनगटानं पाटीचा काठ धरून ठेवला होता. पाटीतून हूं की चूं आलं नाही. चारशे पावलं होती ओढ्यापर्यंत. तिनं प्रत्येक पावलाला देवाकडं एकच मागितलं, हिला आत्ता रडू देऊ नको.

ओढ्यापलीकडं संस्थेची गाडी होती, सायलीपुरतीच; बाकीच्या भारे खळ्यावर टाकून घरी परतणार होत्या. सायलीनं भारा टाकला. चंद्राबाईनं पाटी उतरवली. लेकरू झोपेतच होतं, गालाला एक ओंबी चिकटलेली. सायलीनं तिला उचललं आणि मग पहिल्यांदा चंद्राबाईकडं बघून बोलली.

“डब्यात आईनं काय भरलं होतं?”

“अळीवाचे लाडू.”

“एखादा ठेवलात?”

चंद्राबाईनं मान हलवली. “जाळले गं. वाटलं, त्यानं काय घातलं आसंल तर…”

सायली रागावलीही नाही, रडलीही नाही. गाडीत बसली. दार लागलं. काचेतून ती चंद्राबाईकडं नाही, लेकराकडं बघत होती. गाडी कुठं गेली, ते चंद्राबाईला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. विचारायचा हक्क तिनंच घालवला होता.

पुढचं सगळं कागदावर झालं. झालेला प्रकार फंडाला चोवीस तासांत कळवायचा असा नियम होता, ताईंनी कळवला. आठ दिवसांत उत्तर आलं. पत्ता उघड झालेल्या घराला अनुदान देता येत नाही. चंद्राबाई म्हणाली, “ताई, त्यांना म्हनावं बाईची चूक हाय, घराची न्हाई. मला काढा. घर ऱ्हाऊ द्या.”

“त्यांचं चुकलेलं नाही, चंद्राबाई,” ताई म्हणाल्या. “नियम बरोबर आहे. उद्या मनीषसारखा दुसरा आला तर? मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.” चंद्राबाईला वाटलं होतं, कुणावर तरी रागावता येईल. तेवढाही आधार राहिला नाही.

राहिलेल्या आठ जणींची पांगापांग झाली. तिघींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. एकीची बहीण आली. दोघींना जागाच मिळेना, आणि त्या जिथून पळून आल्या होत्या तिथंच परत गेल्या. एकीनं जाताना चंद्राबाईला नमस्कार केला, तेव्हा चंद्राबाईला वाटलं, हिनं थुंकायला हवं होतं माझ्यावर. सातवी आशालताताईंच्या घरच्या हॉलमध्ये झोपू लागली. सीमेपलीकडची बाई चटई काखेत घेऊन गाडीत बसली; कुठं नेताहेत हे तिनं विचारलं नाही, कारण विचारायला तिच्याजवळ भाषा नव्हती. मनीष आणखी चार दिवस आंब्याखाली बसला आणि मग एक दिवस आला नाही. साहिलचा फोन आला, “आता तरी भाड्यानं देऊ ना?” चंद्राबाईनं फोन ठेवून दिला.

महिन्यानं ताई पुन्हा आल्या. दुसरीकडं घर मिळालं होतं. अनुदानाचा नवा हप्ता यायला अवकाश होता, पण बायका थांबतात थोड्याच? चार-पाच जणी आल्याही होत्या, आणि एकाच पातेल्यात आलटून पालटून शिजवत होत्या. “तुमची भांडी…” ताई म्हणाल्या आणि अडखळल्या.

“सगळी न्या,” चंद्राबाई म्हणाली. “मला आठ दीस द्या फक्त.”

तिनं आधी घरीच करून पाहिलं. काचकागद आणला आणि ओसरीत बसून वाट्या घासू लागली. एका वाटीवरचं ‘कुशाबा’ जायला अर्धी सकाळ लागली. मग तिनं सगळी भांडी पोत्यांत भरली आणि भैरूच्या जीपमधून पौड रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेली. दुकानवाला बघतच राहिला.

“मावशी, लोकं नाव घालाया येत्यात. काडाया कोन येत न्हाई. मालकांचं ना हे?”

“व्हय.”

“मग?”

“काड,” ती म्हणाली. “मु. पो.सुदीक काड.”

यंत्र सुरू झालं. ठिणग्या उडाल्या. ती सबंध दिवस स्टुलावर बसून राहिली, एकेक भांडं स्वतःच्या हातानं पुढं देत. नवऱ्याचा तिला राग होता, आणि त्याच नवऱ्याचं नाव जाताना तिचे डोळे वाहत होते. दोन्हीचा मेळ कसा घालायचा हे तिला कळत नव्हतं आणि आता कळून उपयोगही नव्हता. शेवटी तो डबा आला. दुकानवाल्यानं तो हातात घेतला. “ह्यावर लई खोल हाय. भोक पडंल.”

“पडू दे,” ती म्हणाली.

भोक पडलं नाही. पत्रा मात्र कागदासारखा पातळ झाला. आता त्यात घुगऱ्या काय, काहीही भरलं तरी तो कुणाचा, हे सांगता येणार नव्हतं.

टेम्पो आला तो सोमवारी सकाळी. ताई बरोबर होत्या. बिननावाची भांडी पोत्यांत वाजत होती. चंद्राबाईनं सगळ्यांत वर तो डबा ठेवला, रिकामा. रिकामा डबा द्यायचा नसतो, हे तिच्या हाताला माहीत होतं. हात दोनदा तांदळाच्या कणगीकडं गेला आणि दोनदा तिनं तो मागं घेतला. तिच्या शेतातला आंबेमोहोर वासावरूनच ओळखू येतो. सायली तिथं असेल का? असली आणि तिनं झाकण उघडलं तर? नसलेली बरी, असंही तिला वाटलं. आणि असू दे, असंही.

पोती भरून झाली. ड्रायव्हरनं मागचा फाळका लावला, हात झटकले आणि ताईंना विचारलं, “म्याडम, पत्ता सांगा. कुटं पोचवायचं?”

ताईंनी पत्ता सांगायला तोंड उघडायच्या आत चंद्राबाई वळली आणि धावतच घरात शिरली. मांडणी रिकामी होती. ओट्यावर फक्त तिचा जुना मिक्सर उरला होता. तिनं त्याच्यावर त्याचंच रिकामं भांडं बसवलं, बटण पूर्ण फिरवलं आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून उभी राहिली. टेम्पो गेला, ताई हाका मारून मारून गेल्या, भैरूची जीप फाट्याकडं जाऊन आली, तरी मिक्सर घरघरतच होता. शेवटी जळका वास आला तेव्हा तिनं बटण बंद केलं.